एका रात्रपाळीमागची साडेचार माणसं

वॉर्डातल्या औषधांच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं एक कागद चिकटवलेला असतो. फुलस्केप आडवा धरून पट्टीनं आखलेला. डावीकडे नावं, वर तारखा आणि चौकटीचौकटीत एकेक खूण: एम, ई, एन, डीओ, एनओ. म्हणजे मॉर्निंग, इव्हनिंग, नाइट, डे ऑफ, नाइट ऑफ. हा ड्युटी चार्ट. मंत्रालयातल्या फायलींत जे घडतं, आणि त्याहून जास्त जे घडायचं राहून जातं, ते सगळं शेवटी या कागदावर उतरतं.

माझी नोकरीची बरीच वर्षं एका सरकारी रुग्णालयाच्या आस्थापना शाखेत गेली. सेवापुस्तकं, रजेचे अर्ज, रिक्त पदांचे तक्ते. दर महिन्याला 'मंजूर, भरलेली, रिक्त' असे तीन रकाने भरून वर पाठवायचे. मनुष्यबळाचं नियोजन म्हणजे हेच, असं मी समजत होतो. ते खरं कसं चालतं, हे कळलं एका इनचार्ज सिस्टरांच्या शेजारी बसून, त्या चार्ट करत असताना. (कागदोपत्री त्या परिसेविका, त्यांच्या हाताखालच्या अधिपरिचारिका, वर सहाय्यक अधिसेविका आणि सगळ्यांच्या वर अधिसेविका. बोलताना मात्र अधिसेविका म्हणजे मेट्रन आणि बाकी सगळ्या सिस्टर.) तेव्हा जे समजलं ते पायरीपायरीनं सांगतो.

आधी निकष. भारतीय परिचर्या परिषदेचा जुना आणि सगळ्यांच्या तोंडी असलेला निकष असा: वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डाला 1:3, इतर रुग्णालयांत 1:5, वर 30% रजा राखीव. 1:3 ऐकलं की वाटतं, तीन रुग्णांमागे एक सिस्टर उभी आहे. तसं नाही. हे प्रमाण तिन्ही पाळ्यांचं मिळून आहे. एका पाळीपुरतं पाहिलं तर ते 1:9 होतं आणि 1:5 चं 1:15. भाषणात 1:3 सांगितलं जातं, वॉर्डात 1:9 अनुभवाला येतं, आणि दोघंही खोटं बोलत नसतात.

आता 30 खाटांचा मेडिसिन वॉर्ड घेऊ. 1:3 नं 10 सिस्टर, त्यावर 30% म्हणजे 3. एकूण 13. ऐकायला भरपूर वाटतात.

इथं एक छोटा हिशेब करावा लागतो, जो माझ्या शाखेत कुणी कधी केला नव्हता. वर्षाचे दिवस 365. त्यातून साप्ताहिक सुट्ट्या 52, सणावाराच्या 20 धरू (सणाला काम केलं तरी बदली सुट्टी द्यावी लागतेच), किरकोळ रजा 8, अर्जित रजा 30, आजारपण आणि प्रशिक्षण मिळून 10. उरले 245. एक सिस्टर वर्षातून प्रत्यक्षात इतकेच दिवस वॉर्डात उभी राहू शकते. उलट रुग्णाच्या उशाशी एक सिस्टर चोवीस तास असावी म्हटलं, तर वर्षाच्या पाळ्या होतात 365 गुणिले 3, म्हणजे 1,095. भागिले 245. उत्तर येतं जवळजवळ साडेचार. एक खुर्ची सतत भरलेली ठेवायला साडेचार माणसं लागतात. हाच हिशेब पुढे नेला तर रजेपोटीची जोड 30 नव्हे, 50 टक्क्यांच्या आसपास जाते. केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या निकषांत ती 45% धरली आहे ती यामुळेच. आणि माझ्या वरच्या हिशेबात प्रसूती रजा अजून आलेलीच नाही. ती 180 दिवसांची. ज्या संवर्गात बहुतेक जणी स्त्रिया आणि निम्म्या तिशीच्या आतबाहेरच्या, तिथं ही रजा अपवाद म्हणून धरून चालत नाही. तीस जणींच्या पटावर दोघी-तिघी कधीही त्या रजेवर असणार, हे धरूनच चालावं लागतं.

तर 13 सिस्टरांचा वॉर्ड. 13 गुणिले 245, भागिले 365: रोजच्या पाळ्या पावणेनऊ. इनचार्ज सिस्टर त्या अशा वाटतात: सकाळी 4, दुपारी 3, रात्री 2. सकाळी जास्त, कारण राउंड, तपासण्या, ड्रेसिंग, डिस्चार्ज, सगळं दुपारी दोनच्या आत. रात्री दोघी, म्हणजे एकीला पंधरा रुग्ण. कसंबसं चालतं.

हे झालं पूर्ण पट असताना. आता त्यातली दोन पदं रिक्त धरा, एक प्रसूती रजेवर, एक प्रतिनियुक्तीवर. अतिशयोक्ती मुळीच नाही, हे नेहमीचं चित्र आहे. उरल्या 9. त्यांच्या रोजच्या पाळ्या होतात सहा. सकाळी 3, दुपारी 2, रात्री 1. तीस खाटांना एक, आणि खाटा भरल्यावर जमिनीवर घातलेल्या गाद्या वेगळ्या. रात्री दोन वाजता कोपऱ्यातल्या रुग्णाचं सलाईन संपलं आणि सिस्टर दुसऱ्या टोकाला कुणाला तरी ऑक्सिजन लावत असली, की नातेवाईक आवाज चढवतात, "सिस्टर आहेत कुठं?" सिस्टर तिथंच आहे. तिच्या मागची माणसं नाहीत.

चार्ट करणं मला तोवर कारकुनी वाटायचं. जवळून पाहिलं तेव्हा ती बुद्धिबळाची जातकुळी निघाली. सलग रात्री किती द्यायच्या, रात्र संपल्यावर झोप भरून निघेल इतके एनओ द्यायचे, दुपारपाळी करून रात्री नऊला सुटलेलीला दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी टाकायची नाही. दोन नव्या मुली एकत्र रात्रीला लावायच्या नाहीत, एकीबरोबर एक जुनी हवी. जिचं मूल बारावीला आहे तिला फेब्रुवारीत रात्री कमी. शिवाय काउंटरवर एक रिक्वेस्ट वही असते. तीत प्रत्येकीनं आपल्या मागण्या लिहायच्या: 'चुलत दिराचं लग्न', 'सत्यनारायण', 'गावी जायचंय'. चार्ट इनचार्ज बाई आधी पेन्सिलीनं लिहायच्या, खोडरबर हाताशी. शेवटी ओठ मिटून एकदा सगळ्या चौकटींवरून बोट फिरवायचं, आणि मगच शाई.

मुंबई-ठाण्याकडच्या रुग्णालयांत सगळ्यांत अवघड पंधरवडा गणपतीचा. कोकणातल्या मुली पुष्कळ, आणि कोकणातलं माणूस एकवेळ दिवाळी सोडील, गणपती सोडणार नाही. रिक्वेस्ट वहीचं ते पान बाजूच्या समासासकट भरतं. आणि नेमक्या त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात डेंगी, मलेरिया, लेप्टोचे रुग्ण वॉर्डात मावेनासे होतात. मागणी सगळ्यांत जास्त तेव्हा माणसं सगळ्यांत कमी. हे दरवर्षी होतं, तिथीनं ठरलेलं असतं, आणि तरी दरवर्षी अचानक उद्भवल्यासारखं हाताळलं जातं. नियोजनाची अर्धी कहाणी या एका पंधरवड्यात आहे.

खाटा मोजून माणसं ठरवायची ही पद्धत सोपी, पण तिला एक ढळढळीत दोष आहे. खाट आणि काम एक नव्हे. मोतीबिंदूच्या वॉर्डातली खाट आणि भाजलेल्यांच्या वॉर्डातली खाट कागदावर सारखीच दिसते. यावर जागतिक आरोग्य संघटनेनं एक रीत सुचवली आहे, ती 'विस्न' या आद्याक्षरी नावानं ओळखली जाते. पीटर शिप यांनी ती मांडली, 1998 मध्ये तिची पुस्तिका आली, 2010 मध्ये सुधारून पुन्हा निघाली. तिचा गाभा सरळ आहे: खाटा किंवा लोकसंख्या मोजू नका, काम मोजा.

प्रसूतिगृहाचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते. एका सिस्टरचे 245 दिवस, दिवसाचे 7 तास, म्हणजे वर्षाचे 1,715 तास. एका बाळंतपणामागे, आल्यापासून बाळ छातीशी लावेपर्यंत, सिस्टरचे 5 तास जातात असं धरू. मग एक सिस्टर वर्षाला 343 बाळंतपणं करू शकेल. रुग्णालयात वर्षाला 2,400 होत असतील तर 7 सिस्टर हव्यात. इथं थांबलं तर घोटाळा होतो, कारण रुग्णाला हात न लावता करायची कामं मोजलेलीच नाहीत. रजिस्टरं, ऑनलाइन नोंदी, औषधांचा साठा, ट्रॉली लावणं, आणि ओव्हर. पाळी बदलताना एकीनं दुसरीला एकेक रुग्ण दाखवून हवाली करायचा, त्याला ओव्हर देणं म्हणतात. यात वेळेचा चौथा हिस्सा जात असेल तर 7 ला पाऊण हिश्शानं भागायचं. झाल्या 9.3. प्रत्यक्षात 6 असतील तर 6 भागिले 9.3, म्हणजे 0.64. हा आकडा एकाच्या जितका खाली, तितका त्या जागेवर ताण. दोन रुग्णालयांत सहा-सहाच सिस्टर असल्या तरी कुठं आधी माणूस द्यायचं, हे यातून दिसतं. रिक्त पदांच्या तक्त्यातून ते कधीच दिसत नाही.

पण या रीतीलाही सीमा आहे. एखाद्या ग्रामीण रुग्णालयात वर्षाला 300 बाळंतपणं होतात. कामाच्या हिशेबानं तिथं सव्वा सिस्टर पुरे. बाळंतपण मात्र वेळ सांगून येत नाही. पहाटे साडेतीनला जीप दारात थांबली तर तिथं कुणीतरी असलं पाहिजे, म्हणजे घड्याळाच्या हिशेबानं साडेचार हव्यात. सव्वा आणि साडेचार यांतली ही तफावत वित्त विभागाला 'कामाविना बसलेली माणसं' वाटते. अग्निशमन दलाचा बंब आग नसताना उभाच असतो, त्याला कुणी रिकामा म्हणत नाही. गडचिरोली, नंदुरबार, अक्कलकुवा-धडगावकडची रुग्णालयं याच हिशेबात मार खातात.

गरज ठरली की पद. सरकारात पद हे माणसाच्या आधी जन्मतं. कुठल्या संस्थेत कुठली किती पदं, याचा जो मंजूर नकाशा त्याला आकृतिबंध म्हणतात. तो बदलायचा तर प्रस्ताव विभागातून वित्त विभागाकडे आणि तिथून उच्चस्तरीय सचिव समितीपुढे जातो. इमारतीचं उद्घाटन आकृतिबंधाची वाट पाहत नाही. नवी इमारत, नव्या खाटा, फीत कापलेली, आणि माणसं जुन्याच ठिकाणाहून प्रतिनियुक्तीवर उचललेली, हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता नवल वाटत नाही. 2020 साली कोरोनात व्हेंटिलेटर ट्रक भरून आले. ते चालवू शकणाऱ्या सिस्टर ट्रकमधून येत नाहीत, हे तेव्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं.

पद मंजूर झालं की भरती. इथं एक गमतीचा घोटाळा सांगितला पाहिजे. 'रोस्टर' हा शब्द वॉर्डात उच्चारला तर ड्युटी चार्ट. आमच्या शाखेत उच्चारला तर बिंदुनामावली, म्हणजे कुठला बिंदू कुठल्या प्रवर्गाचा याची नोंदवही. एकदा मेट्रनबाईंचा निरोप आला, "रोस्टर तयार आहे, सही करा," आणि आमच्या साहेबांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं बिंदुनामावली तपासून आली. ती विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतल्याशिवाय जाहिरात काढता येत नाही. आरक्षणाचा कायदा बदलला की बिंदू पुन्हा मांडावे लागतात. महाराष्ट्रात मराठा आरक्षणाचा कायदा 2018 मध्ये झाला, मे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला, फेब्रुवारी 2024 मध्ये 10 टक्क्यांचा नवा कायदा आला. आरक्षण योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. आस्थापनेच्या टेबलावर याचा अर्थ एवढाच की नोंदवही प्रत्येक वेळी नव्यानं मांडायची.

मग मागणीपत्र, जाहिरात, अर्ज, ऑनलाइन परीक्षा, उत्तरतालिकेवर हरकती, गुणवत्ता यादी, कागदपत्र पडताळणी, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीची खातरजमा, वैद्यकीय तपासणी, समुपदेशनानं जागा, आदेश. मध्ये निवडणुकीची आचारसंहिता लागली तर तितके दिवस आणखी. आणि आदेश निघाला म्हणजे माणूस आलं असंही नाही. तोवर तिला दुसरीकडं नोकरी लागलेली असते.

या सगळ्यात जी गोष्ट मला वर्षानुवर्षं खटकत आली ती अशी. गट 'क'चा कर्मचारी 58 व्या वर्षी निवृत्त होतो. त्याची जन्मतारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर असते. म्हणजे तो ज्या दिवशी रुजू झाला त्याच दिवशी त्याची जागा कधी रिकामी होणार हे लिहून ठेवलेलं आहे. पाऊस, साथ, निवडणूक यांतलं काहीच इतकं नेमकं आधी कळत नाही. तरी जाहिरातीची हालचाल सुरू व्हायची ती त्या माणसाला निरोपाचा नारळ देऊन झाल्यावर. पुढच्या पाच वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची यादी काढायला एक दुपार पुरते. मी ती एकदा काढून फाइलला लावली. ती 'माहितीस्तव' म्हणून परत आली.

डॉक्टरांबद्दल थोडक्यात. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा, अशी महाराष्ट्रातली रीत. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्राला डॉक्टर मिळतो. पण त्याचं अर्धं लक्ष पदव्युत्तर प्रवेशाच्या पुस्तकात असतं, आणि गावाला तो ओळखीचा होईतो त्याचं वर्ष भरतं. मोठ्या रुग्णालयांत निवासी डॉक्टर हे मुळात विद्यार्थी. तरी रात्रीचं सगळं रुग्णालय त्यांच्या खांद्यावर. जीएनएम ही परिचर्येची पदविका करणाऱ्या मुलींचंही तेच. त्यांची परीक्षा आली की वॉर्ड ओस पडतात. शिकायला आलेल्यांना पटावरची माणसं समजण्याची ही सवय इतकी जुनी आहे की ती आता कुणाला सवय वाटत नाही.

बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं, जीएनएमची तीन. म्हणजे आज जाणवलेली तूट भरायला कॉलेज वाढवलं तर पहिली सिस्टर वॉर्डात यायला चार-पाच वर्षं. पण परीक्षा पास झालेली मुलगी आणि अतिदक्षता विभागात एकटी उभी राहणारी सिस्टर यांत आणखी बरंच अंतर असतं, आणि ते वर्गात कापता येत नाही.

त्या इनचार्ज बाईंनी एका नव्या मुलीला कसं तयार केलं ते मी पाहिलं आहे. पहिला आठवडा तिनं कशालाही हात लावायचा नाही, फक्त ओव्हर ऐकायची आणि संध्याकाळी बाईंना परत सांगायची. दुसऱ्या आठवड्यात दोन रुग्ण, बाई शेजारी. मॉनिटर वाजला की आधी मॉनिटरकडे बघायचं नाही, रुग्णाच्या तोंडाकडे बघायचं, हे त्यांनी तिला इतक्यांदा सांगितलं की मलाही पाठ झालं. इन्सुलिन भरलं की दुसरीला सिरिंज दाखवल्याशिवाय टोचायचं नाही. सहा महिन्यांनी ती मुलगी व्हेंटिलेटरवरचा रुग्ण एकटी सांभाळू लागली. आठव्या महिन्यात तिची बदली झाली, नेत्र विभागात. आदेशात कारण होतं 'प्रशासकीय'. बदलीच्या तक्त्यात अधिपरिचारिका हे एकच पद असतं. तिला काय येतं यासाठी रकाना नसतो. डायलिसिस शिकून आलेली सिस्टर ओपीडीत इंजेक्शनं देताना दिसली की समजावं, प्रशिक्षण झालं, विकास राहिला.

खासगी रुग्णालयांत भरती चटकन होते आणि गळतीही तितकीच चटकन. तिथं पगार हे उघड कारण. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीनं खासगी रुग्णालयांतही सिस्टरला महिना किमान 20,000 रुपये आणि 200 च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारइतकं वेतन द्यावं, अशी शिफारस केली. ती शिफारसच राहिली. माणूस टिकावं म्हणून पगार वाढवण्याऐवजी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेण्याचा उपायही काही ठिकाणी चालतो. तो उपाय नव्हे, ओलीस धरणं आहे. सरकारी कंत्राटी सिस्टरला अकरा महिन्यांचा आदेश मिळतो, मध्ये खंड, पुन्हा आदेश. दहाव्या महिन्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नसतं, आणि चार्ट करणारीचंही.

आता परदेशाचा रस्ताही सोपा झाला आहे. आखातात मुली पूर्वीपासून जात. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनंच जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आल्या. मुलींनी जावं, जरूर जावं. फक्त जाणाऱ्या एकीमागे इथं साडेचारांतली एक कमी होते, तिची बेरीज कुणीतरी मांडली पाहिजे.

त्या इनचार्ज बाईंकडे एक डायरी होती. औषध कंपनीनं दिलेली, मागच्या कुठल्या तरी सालातली. चार्ट करायला बसल्या की आधी ती काढायच्या. एकदा मी डोकावलो. एकेका नावापुढे पेन्सिलीनं बारीक अक्षरांत काहीबाही: 'डिसेंबरात लग्न'. 'सातवा महिना, जूनपासून नाही'. 'सासू अंथरुणावर, रात्री नको'. 'मार्चला रिटायर'. 'आदेश ऑक्टोबरपर्यंत'. तेवढ्यात एक सरावलेली सिस्टर रिक्वेस्ट वहीत काही लिहायला आली. बाईंनी मान वर न करता विचारलं, "संध्याकाळी जर्मनच्या क्लासला जातेस म्हणे?" ती हसली, नाही म्हणाली नाही. ती गेल्यावर बाईंनी तिच्या नावापुढे लिहिलं, 'पुढची दिवाळी नाही', आणि तिच्याबरोबर रात्रीला एक नवी मुलगी लावली, शिकायला.